नवस, रविवारची पाळी आणि देवाची कृपा

कॅनडात स्थायिक झालेल्या, मूळच्या वसईच्या एका भगिनीने विचारलेले प्रश्न परदेशातल्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत विचारले जातात, म्हणून त्यांना येथे सविस्तर उत्तर देत आहे. कायम वास्तव्याचा परवाना मिळावा यासाठी त्यांनी वसईतल्या रमेदी चर्चच्या मरियामातेला नवस केला होता. परवाना मिळाला, पण गावी जाऊन नवस फेडणे अजून जमलेले नाही. वृद्धाश्रमातल्या नोकरीची पाळी बहुतेक रविवारी येत असल्याने मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकते, आणि घरात काही बिनसले की ‘देवाने दिलेले देव काढून तर घेणार नाही ना’ या विचाराने त्यांची झोप उडते. त्यातच त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो की दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्कार घेण्याइतका मी चांगला नाही.

ताई, तुमच्या या तिन्ही काळज्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. देवाची कृपा आपण कमावतो आणि आपली कमाई थांबली की तीही थांबते, असे तुम्ही नकळत धरून चालला आहात. तुमचे वय, शिक्षण आणि भाषा यांचे गुण मोजून परवाना देणाऱ्या आणि तासांवर पगार देणाऱ्या देशात राहताना देवाचाही हिशेब तसाच असेल असे वाटू लागते, यात नवल नाही. चर्चची शिकवण मात्र याच्या नेमकी उलट आहे. आपले तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले असून ते देवाचे दान आहे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी झालेले नाही, असे संत पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो. माणूस स्वतःच्या बळावर पापमुक्त होऊ शकतो या पेलाजियसच्या मताशी संत ऑगस्टीन झगडले आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ते मत नाकारले. मुलाचे प्रोटेस्टंट मित्र असतील तर त्याला हेही सांगा की तारण कृपेने की कर्मांनी या ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात चर्च दुभंगले, त्यातल्या मूलभूत गोष्टींवर एकमत असल्याच्या संयुक्त घोषणापत्रावर १९९९ मध्ये कॅथलिक आणि लुथरन प्रोटेस्टंट यांनी सह्या केल्या.

मग आपण हातपाय हलवायचेच नाहीत का, असा प्रश्न उरतो. ओहोटीला आपल्या खाडीच्या गाळात रुतलेली होडी तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे. कोणताही तांडेल भरती आणू शकत नाही, पण जाळी विणून, बर्फ भरून, खलाशांना बोलावून तो तयारीत राहतो, कारण भरती येणार हे त्याला ठाऊक असते. प्रार्थना, उपवास, सत्कर्मे यांचे स्थान त्या तयारीचे आहे, आणि ती तयारी करण्याची इच्छा तरी आपल्या मनात कोण घालतो, हा प्रश्न विचारून चर्च आणखी एक पाऊल पुढे जाते : तीही कृपाच.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला या आठवड्यात मुलाबरोबर सावकाश वाचा, आणि एका गोष्टीकडे त्याचे लक्ष वेधा. बापाची मालमत्ता दूरदेशी उधळून कंगाल झालेला तो मुलगा घरी निघण्याआधीच बापाशी बोलायचे शब्द ठरवतो : मी पाप केले आहे, तुमचा पुत्र म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला तुमच्या एखाद्या मजुराप्रमाणे ठेवा. घरी पोहोचल्यावर पहिली दोन वाक्ये तो बोलतो, पण मजुरीचे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही, कारण बाप तेवढ्यात झगा आणि अंगठी आणायला सांगतो. शिवाय तो दूर असतानाच बाप धावत येऊन त्याच्या गळ्यात पडलेला असतो, म्हणजे क्षमा कबुलीच्याही आधी निघालेली असते. ‘मी तितका चांगला नाही’ या तुमच्या मुलाच्या म्हणण्याला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेही स्मरण मला येथे होते, कारण तेही घर सोडून परदेशी गेलेले वसईकर होते. जपानमध्ये येशूसंघीय (जेज्विट) धर्मगुरूंच्या हाताखाली सेवा करूनही संघात प्रवेशाची त्यांची इच्छा पुरी झाली नाही, आणि त्यांनी व्यापार धरला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले, त्यांना येत असलेल्या जपानी भाषेमुळेच ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. बंद झालेल्या दारापाशी देवाची कृपा संपली असे त्यांनी मानले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

आता व्यवहाराचे बोलू. रविवारची मिस्सा हे कर्तव्य आहे आणि ते मी हलके करू इच्छित नाही, परंतु शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने ते पूर्ण होते, त्यामुळे आधी आपल्या आणि शेजारच्या धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) वेळा पाहा. टाळता न येणारी पाळी असेल, तर गंभीर कारणाने मिस्सा चुकणाऱ्याला चर्च दोषी धरत नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा हे क्षुल्लक कारण नव्हे. आपल्या फादरांशी मात्र एकदा बोलून घ्या. नवसाबद्दलही त्यांनाच विचारा, कारण योग्य कारण असेल तर खासगी नवसातून मोकळीक देण्याचा अधिकार चर्चच्या कायद्याने धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना दिला आहे. पुढेमागे रमेदीला जाल तेव्हा मेणबत्ती अवश्य लावा, पण ती आभाराची असू द्या.

घरात ‘असे वागलास तर येशू रागावेल’ हे वाक्य आजपासून बंद करा. परीक्षेत यश आले तर आभाराची प्रार्थना करता, तशीच अपयश आले त्या रात्रीही जेवणाआधी सर्वांनी मिळून करा. चूक कबूल केली की आधी त्याला जवळ घ्या आणि शिक्षेचे मागाहून बोला, कारण मुलाला कृपेची पहिली ओळख आईबापांच्या वागण्यातूनच होते. दृढीकरणासाठी नव्या फोनचे आमिष दाखवू नका. तो संस्कार चांगल्या वर्तनाचे प्रशस्तिपत्र नसून चांगले जगण्यासाठी पवित्र आत्म्याचे बळ देणारा आहे, हे त्याला धर्मशिक्षकांकडून समजून घेऊ द्या. एवढे करूनही त्याने एक वर्ष मागितले तर खुशाल द्या, आणि त्या वर्षात प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापांची कबुली द्यायला, त्याच्याबरोबर तुम्हीही जात राहा.