बँकेची ऑफर हातात आहे, पण मन राजी नाही

खेडहून पत्र लिहिणाऱ्या लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बीकॉमचं शेवटचं वर्ष, कॅम्पसमधून एका खासगी बँकेच्या कर्ज विभागात झालेली निवड, कुवेतहून कायमचे परत आलेले अब्बा आणि घरखर्चाची ओढाताण. चाचा म्हणतात व्याजाचा पैसा घरात नको, मामू म्हणतात मजबुरीत चालतं. आणि तू विचारतेस, बँक हराम असेल तर अकाउंट्सचं माझं सगळं शिक्षणच हराम का?

नाही, लेकी. कुरआनच्या सूरह बकरामध्ये व्यापार हलाल आणि व्याज हराम असं एकाच आयतीत सांगितलंय. जिथे व्यापार आहे तिथे हिशेब लागणारच. तुझं शिक्षण वाया गेलेलं नाही.

आता ऑफरबद्दल. मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण रोज काय काम करावं लागेल, ते मी सांगू शकतो. कर्जाच्या टेबलावर तुझ्यासमोर मंजुरीपत्र असेल: रक्कम, मुदत, व्याजदर, हप्ता. तो दर तू टाइप करशील, करारावर ग्राहकाची सही घेशील, साक्षीदाराच्या रकान्यात कधी तुझंच नाव लिहावं लागेल. पैगंबरांच्या वचनांचा संग्रह असलेल्या सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये, म्हणजे एका वचनात, व्याज घेणारा, देणारा, ते लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार, सगळ्यांना एकाच पंक्तीत बसवलंय. म्हणजे चाचांची भीती उगीच नाही. या टेबलाला मी नुसतं संशयास्पद म्हणून थांबणार नाही, ते त्याच्या पलीकडचं आहे.

संशयाची जागा वेगळी आहे. पैगंबरांचे सोबती नोमान बिन बशीर यांनी सांगितलेली हदीस तू मदरशात ऐकली असशील: हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, मधल्या काही गोष्टी संशयाच्या, ज्या पुष्कळांना कळत नाहीत. राखीव कुरणाच्या कडेने जनावरं चारणाऱ्या गुराख्याचा दाखला त्यातलाच. पाऊल कधी आत पडेल, सांगता येत नाही. बँकेतलं संगणक विभागाचं किंवा लॉकरचं काम त्या कडेवरचं. काही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, व्याजाच्या व्यवहाराशी थेट संबंध नसलेल्या कामाला मुभा देतात, काही सरसकट नको म्हणतात. म्हणून मौलानांकडे जाताना ‘बँकेत नोकरी चालेल का’ एवढंच विचारू नकोस. बँकेकडून कामाचं स्वरूप लेखी मागून घे, तो कागद त्यांच्यासमोर ठेव. तुमच्याकडे बहुतेक घरं शाफई पंथाची आहेत, तेव्हा त्या फिकहचा, म्हणजे धर्मनियमांचा, जाणकार गाठ. मजबुरीचं मामूंनी म्हटलेलंही त्यांनाच विचार. घरात खरोखर किती अडचण आहे ते लपवू नकोस, कारण त्यावर उत्तर बदलू शकतं.

इस्लामी बँकेत नोकरी शोधू का, असंही तू लिहिलंस. आपल्या देशात तो रस्ता आज नाही. इस्लामी, म्हणजे बिनव्याजी, बँकिंग सुरू करण्याचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच ठरवलं.

माझ्या मते तू कॉस्ट अकाउंटन्सीकडे, म्हणजे सीएमएकडे, बघायला हवं. वस्तू बनवायला कच्चा माल, वीज, मजुरी किती लागली याचा हा हिशेब. व्याजाचा आकडा तिथेही कधी समोर येतो, पण कर्ज देणं हा त्या कामाचा गाभा नाही. तुझ्या घरापासून लोटे परशुरामची एमआयडीसी किती जवळ आहे! तिथल्या रसायन कारखान्यांना कॉस्टिंग जाणणारी माणसं लागतात. पदवीनंतर फाउंडेशनची पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीडिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, बसता येतं. दिवसा एखाद्या कारखान्याच्या किंवा दुकानाच्या हिशेबाचं काम धरलंस तर घरात लगेच काहीतरी येईल, बँकेपेक्षा कमी असलं तरी. सीए करायचं तर बीकॉमला ५५ टक्के असल्यास तिथलंही फाउंडेशन टळतं, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची आहे. पण ऑडिटमध्ये कर्जाची आणि व्याजाची खाती समोर येतातच, त्याचंही मौलानांना आधीच विचारून ठेव.

बँकेला होकार कळवायची मुदत जवळ आली आहे, तेव्हा आधी त्यांना मेल करून आठवडाभराचा वेळ माग. मुदत मागितली म्हणून सहसा कुणी नाव काढून टाकत नाही. आणि मला पाचव्या सेमिस्टरपर्यंतचे गुण कळव, सीएमएच्या नोंदणीच्या तारखा पाहून पुढचं लिहितो.