ट्राइक नावाची तीनचाकी स्कूटर चालवून खरंच व्यायाम होतो का, की नुसतंच खेळणं आहे?

होतो हो, आणि चांगला घाम निघतो. त्याला ना पेडल ना चेन, लहान मुलांच्या स्कूटरसारखं सारखं पाय मारतही बसायचं नाही. पुढे एक चाक, मागे दोन, मागच्या दोन पट्ट्यांवर एकेक पाय ठेवायचा, सुरुवातीला एक धक्का द्यायचा आणि मग हँडल नि अंग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे झुकवत नागमोडी जात राहायचं, त्या झुकण्यातूनच वेग येतो. गिल्दो बेलेस्की नावाच्या ब्राझीलच्या इंजिनियरची ही आयडिया, कंपनी मात्र कॅलिफोर्नियातली.

मी लॉस एंजलिसला सँटा मोनिकाच्या बीचवरच्या सायकल ट्रॅकवर शिकलो. पहिला अर्धा तास नुसता जागच्या जागी डुलत होतो, बायको म्हणाली नंदीबैल दिसतोयस 😄 मग एकदम लय सापडली. दुसऱ्या दिवशी मांड्या, पोट, खांदे सगळं बोलत होतं, गुडघे मात्र धावल्यावर दुखतात तसे अजिबात दुखले नाहीत.

फक्त नागमोडी जायला रुंद, गुळगुळीत रस्ता लागतो आणि चढावर जीव जातो. हेल्मेट घालाच, आणि उतारावर जायच्या आधी दोन्ही हँडब्रेक तपासून घ्या.