इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं डनिच हे छोटंसं गाव मध्ययुगात खरंच मोठं बंदर होतं का?

हो, खरंच होतं. सफोकमधलं डनिच आज मूठभर घरांचं गाव आहे, पण १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (इंग्लंडच्या राजाने करवलेली जमीन-मालमत्तेची मोजणी) तिथे २३६ नागरिक आणि तीन चर्च आहेत. त्याच नोंदीत गावाने ६८,००० हेरिंग मासे द्यायचे असं लिहिलंय. या एका आकड्यावरून गाव कशावर उभं होतं ते कळतं! पुढे ११९९ मध्ये जॉन राजाने गावाला हक्कांची सनदही दिली.

समुद्र मात्र तेव्हाच जमीन गिळत होता. १०८६ च्या आधीच्या २० वर्षांत निम्मी शेतजमीन गेल्याचं डूम्सडे नोंदच सांगते. इथला कडा वाळूचा, म्हणून लाटांनी सहज ढासळतो. १२८६ च्या वादळाने मोठं नुकसान केलं आणि १३२८ च्या वादळाने बंदराचं तोंडच वाळूने बुजवलं. व्यापार संपला, माणसं निघून गेली. तरी हे गाव १८३२ पर्यंत संसदेत दोन खासदार पाठवत राहिलं.

शेवटचं मध्ययुगीन चर्च, ऑल सेंट्स, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुकड्यातुकड्याने समुद्रात कोसळलं. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्याशांच्या मठाच्या भिंती मात्र अजून उभ्या आहेत. गेलात तर त्या नक्की बघा.