माझ्याशी नाही, कुत्र्याशी बोलतात

"मॅडम, हे आमच्याशी धड दोन शब्द बोलत नाहीत. कुत्र्याशी मात्र तास तास बोलत बसतात. आमचं काय चुकलं?"

साताऱ्यात समुपदेशनाचं काम करताना हे गाऱ्हाणं मी किती घरांतून ऐकलं, याची मोजदाद ठेवली नाही. बोलणारी बहुधा फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाची बायको असते, कधी आई. वीस-बावीस वर्षं सुट्ट्यांची वाट बघण्यात गेली, माणूस एकदाचा घरी आला आणि दारातल्या कुत्र्याचा होऊन बसला. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. परत आलेल्यांच्या मनाचं काय झालं, हे विचारायची सवय मात्र आपल्याला अजून लागायची आहे. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. दोघांची परवानगी आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुनंदाताई पहिल्यांदा आल्या त्या एकट्याच. मनगटावर काळानिळा वळ होता. रात्री नवरा झोपेत ओरडायला लागला म्हणून त्यांनी खांद्याला हात लावला, तर त्याने मनगट असं पकडलं की सोडवेना. "जागे झाले आणि लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर झोपायला लागले. कुत्र्यापाशी. मी नकोशी झाले का हो?"

मी म्हटलं, "ताई, ते तुमच्यापासून लांब गेलेत की तुम्हाला स्वतःपासून लांब ठेवतायत?"

त्या गप्प राहिल्या. पुढच्या आठवड्यात भानुदास हवालदारांना घेऊनच आल्या.

हवालदार खुर्चीच्या कडेवर, दाराकडे तोंड करून बसले. "मला काही झालेलं नाही. हिचं आपलं काहीतरी." मी झोपेचं विचारलं नाही, स्वप्नांचं तर नाहीच. "कुत्रं का पाळलंत?" एवढंच विचारलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "पुढं कुत्रं असलं की बरं वाटतं."

मग हळूहळू कळलं. काश्मीरमध्ये सकाळी गाड्यांचा ताफा सुटण्याआधी रस्ता तपासत जावं लागतं. बरोबर श्वान पथकाचं कुत्रं असलं तर सगळ्यांची नजर त्याच्यावर. स्फोटकाचा वास आला की ते भुंकत नाही, गप खाली बसतं. "कुत्रं बसलं की जो तो जागच्या जागी." पुढे त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं, "त्या दिवशी आमच्याबरोबर कुत्रं नव्हतं." त्या दिवसाबद्दल त्यानंतर कित्येक महिने ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही खोदून विचारलं नाही.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी मोत्याला घेऊन या."

मोत्या गावठी, वर्षाच्या आतला, एक कान पडलेला. गळ्यात बैलाचा जुना कासरा. तो कासरा हवालदारांनी मुठीला दोन वेढे देऊन इतका आवळला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. "लई ओढतो," ते म्हणाले. मी दोघांकडे नीट बघितलं. "हवालदार, तो नाही ओढत. तुम्ही ओढताय."

माझ्या मते कुत्र्याचा पहिला मोठा उपयोग इथे होतो. 'तुम्ही सतत ताणाखाली आहात' असं मी दहा वेळा सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं. ताण कासऱ्यात आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. घरचा अभ्यास दिला तो एवढाच: कासऱ्याला झोळ ठेवून दहा पावलं चालायचं. मोत्या नीट चालला की त्याच क्षणी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं ते त्याला कळत नाही. ओरडायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. अंडं उकडायचं काम सुनंदाताईंकडे मुद्दाम दिलं.

महिन्याभराने मी त्या दोघांबरोबर कॅनॉलच्या रस्त्याने फिरायला गेले. झोळ छान पडला होता. आणि चालता चालता मोत्या मध्येच खाली बसला.

हवालदार दगडासारखे थिजले. कासरा ताठ. मानेवरून घाम उतरला. नजर पुढच्या मातीवर, एका जागी. मी त्यांना हात लावला नाही. काही वेळाने हळू आवाजात विचारलं, "हवालदार, मोत्या काय करतोय?"

"बसलाय."

"आणखी काय करतोय?"

उत्तर यायला फार वेळ लागला. त्यांना नजर मातीवरून उचलून कुत्र्याकडे न्यावी लागली. "कान खाजवतोय."

"का बरं?"

"गोचीड असंल."

एवढं म्हणून त्यांनी श्वास सोडला, रस्त्यातच फतकल मारून बसले आणि मोत्याचा कान उलटा करून गोचीड काढायला लागले. थरथरत्या बोटांनी, पण अगदी हलक्या हाताने. मी शेजारी उभी होते. इतक्या वर्षांच्या कामात जे थोडे क्षण मी उराशी जपले आहेत, त्यांतला हा एक.

शरीर एका धमाक्यात जे शिकतं, ते समजुतीच्या गोष्टींनी पुसलं जात नाही. 'कुत्रं बसलं म्हणजे मरण' हे त्यांच्या अंगात मुरलं होतं, आणि त्याला उतारा होता तो कुत्र्याच्या शेकडो साध्यासुध्या बसण्यांचा. मी त्यांना वही करायला सांगितली. ड्यूटीवर नोंद ठेवावी तशी त्यांनी ती ठेवली: 'मोत्या बसला. गोचीड.' 'बसला. दमला.' 'बसला. भाकरी पाहिजे.' पानंच्या पानं. ती वही मला कुठल्याही चाचणीच्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून गेली.

पुढचं शिकवणं सोपं होतं. दिवसा हवालदार आडवे होऊन खोटं कण्हायचे. मोत्याने हाताला नाक लावलं की अंडं. तीन महिन्यांनी हवालदारांना खरंच वाईट स्वप्न पडलं की मोत्या तेच करायला लागला. सुनंदाताईंना मी सांगितलं होतं आणि तुम्हालाही सांगते: असा माणूस झोपेत ओरडत असेल तर अंगाला हात लावू नका. पायाच्या बाजूला लांब उभं राहून दिवा लावा आणि नावाने हाक मारा.

पण ताईंचं मूळ दुखणं शिल्लकच होतं. आता तर हवालदार मोत्याशी आणखी बोलत. ताईंना मी बोरिस लेविन्सन यांची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कचे हे बालमानसतज्ज्ञ. कुणाशी न बोलणारा एक मुलगा त्यांच्या खोलीत आला आणि तिथे योगायोगाने असलेल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खेळायला लागला. डॉक्टरांशी तो बोलला, पण कुत्र्याच्या वाटेने. १९६२ साली लेविन्सन यांनी त्यावर लिहिलं. मी स्वतः ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारात वाढले. एक खात्रीची जागा मिळाली की तिथून माणूस पुढे पाऊल टाकतो, यावर माझा ठाम विश्वास आहे.

"ताई, मोत्या मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, ऐकून रडत नाही. तुम्ही रडाल याची त्यांना भीती आहे. आधी त्याच्यापाशी शब्द चाचपून बघतायत. तुम्ही हातात काहीतरी काम घेऊन जवळ बसा. मोत्याला सांगितलेल्या गोष्टीचं उत्तर देऊ नका. आणि 'मला कधी सांगितलं नाही' हे तर नकोच."

"म्हणजे मी भिंत व्हायचं?"

"भिंत नाही. शेजार."

हे वाचून कुणी उद्याच पिल्लू आणायला निघेल, म्हणून सांगते. अमेरिकेत माजी सैनिकांना श्वान प्रशिक्षणात सामील करून घेण्यासाठी २०२१ साली कायदा झाला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या १५६ आजी-माजी सैनिकांच्या अभ्यासात प्रशिक्षित कुत्रं मिळालेल्यांचा आघातानंतरचा मानसिक त्रास (पीटीएसडी) तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी दिसला. कमी दिसला, संपला नाही. आपल्याकडे तशी सरकारी योजना नाही, म्हणून मोत्यासारख्यावर भिस्त. रेबीजची लस दरवर्षी हवी. घरात कुणाला कुत्र्याची भीती असेल तर हा मार्गच नको. भानुदास हवालदारांची गोळ्या-औषधं मनोविकारतज्ज्ञांकडे चालूच होती. मोत्या आला म्हणून एकही गोळी आम्ही मनाने बंद केली नाही. रात्रीअपरात्री कुणाशी बोलायची वेळ आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलांतल्या लोकांसाठी त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

सुनंदाताई परवा एकट्या आल्या. पिशवीत घेवडा होता, घरच्या रानातला. सांगत होत्या की संध्याकाळी ओसरीवर तो निवडत बसल्या होत्या. हवालदार मोत्याच्या पाठीवर हात फिरवत त्या दिवसाचं सांगायला लागले. पुढे कोण चालत होता, तो आदल्या रात्री काय खाऊन झोपला होता, त्याच्या घरी कोण कोण होतं. ताईंनी सुपातली नजर वर केली नाही. बोलता बोलता हवालदार थांबले आणि म्हणाले, "सुनंदा, त्याचं नाव तुला कधी सांगितलं नाही ना?" आणि सांगितलं.

"अकरा वर्षांनी कळलं, मॅडम," त्या म्हणाल्या.

ते नाव त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.