२८ दिवस समुद्रात, २८ दिवस घरी: ऊर्जा कंपनीतली नोकरी आतून कशी असते?

तुम्ही विचारलंय की एका आंतरराष्ट्रीय ऊर्जा कंपनीकडून समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ऑपरेटरची ऑफर आली आहे, २८ दिवस काम आणि २८ दिवस सुट्टी, पगार चांगला. पण तिथलं रोजचं जगणं कसं असतं आणि त्यात संसार निभावतो का? मी चौदा वर्षं हेच काम केलंय, आधी प्लांटवर फील्ड ऑपरेटर म्हणून आणि नंतर कंट्रोल रूममध्ये. जे अनुभवलं ते सांगतो.

वादळ, लाटा, हेलिकॉप्टर यांची भीती सगळ्यांनाच आधी वाटते. हेलिकॉप्टरसाठी तुम्हाला बोसिएट नावाचं, समुद्रातल्या सुरक्षिततेचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागेल. तलावात हेलिकॉप्टरचा सांगाडा बुडवून उलटा करतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर, आणि सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. नाकातोंडात पाणी जातं, वर कुठे नि खाली कुठे काही कळत नाही, पण चौकटीवरचा हात जागेवर असला तर बाहेरची वाट सापडते. प्रमाणपत्र चार वर्षं चालतं, मग पुन्हा उजळणी. दोन-तीन फेऱ्यांनंतर ही भीती ओसरते. वादळात हेलिकॉप्टर येत नाही, घरी जायचा दिवस दोन-तीन दिवसांनी पुढे जातो, त्याचा त्रास मात्र शेवटपर्यंत होतो.

या नोकरीचा खरा कणा आहे हँडओव्हर, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हातात काम सोपवणं. दिवसातून दोनदा, दर बारा तासांनी, एक पाळी दुसरीला प्लांट सोपवते. आणि दर २८ दिवसांनी तुम्ही तुमच्या बॅक-टू-बॅकला सगळं सोपवता. बॅक-टू-बॅक म्हणजे तुमच्याच खुर्चीवर, तुमचंच काम करणारा दुसरा माणूस. तो तिथे असतो तेव्हा तुम्ही घरी, तुम्ही तिथे असता तेव्हा तो घरी. आमच्याकडे ज्या हेलिकॉप्टरने मी यायचो त्यानेच तो परत जायचा. आदल्या दिवशी फोनवर बोलणं व्हायचं, लेखी नोट्स असायच्या, आणि प्रत्यक्ष भेट हेलिडेकखालच्या (हेलिकॉप्टर उतरतं त्या गच्चीखालच्या) खोलीत जेमतेम दहा मिनिटं. माझं काम जगात सगळ्यात जास्त ज्याला कळतं त्या माणसाबरोबर मी चौदा वर्षांत सलग एक दिवसही घालवलेला नाही.

हँडओव्हरवर इतका जोर का, ते पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर झालेल्या दुर्घटनेवरून कळेल. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्र. कंडेन्सेटचे, म्हणजे वायूबरोबर निघणाऱ्या हलक्या द्रव तेलाचे, दोन पंप होते. त्यातल्या एकाचा प्रेशर सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून त्या जागी ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपचं तोंड बंद करणारी चकती, लावलेला होता. संध्याकाळी काम अपुरं राहिलं. व्हॉल्व्ह जागेवर नाही, ही गोष्ट रात्रीच्या पाळीपर्यंत पोहोचलीच नाही. रात्री चालू पंप बंद पडला, पुन्हा सुरू होईना, म्हणून दुसरा सुरू करायला घेतला. फ्लँजमधून गळती झाली आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. समुद्राचं पाणी खेचून आग विझवणारे पंप मॅन्युअलवर होते, म्हणजे आपोआप सुरू होणार नव्हते, कारण पाण्यात पाणबुडे काम करत असत आणि ते पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊ नयेत ही काळजी होती. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून तेल-वायू पाइपलाइनमध्ये येतच राहिला. १६७ माणसं गेली, ६१ वाचली. गेलेल्यांपैकी बहुतेक जण कंत्राटदारांची माणसं होती. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात, १९९० मध्ये, १०६ शिफारशी आल्या. आज तुम्ही ज्या परमिटवर, म्हणजे धोक्याच्या कामाच्या लेखी परवानगीवर, सही कराल, त्याच्या रकान्यांमागे ती रात्र आहे.

आता माझी गोष्ट. चौथं की पाचवं वर्ष असेल. मी प्लॅटफॉर्मवर उतरलो, नोट्स वाचल्या, बॅक-टू-बॅकशी बोललो, सही केली, तो गेला. दोन-अडीच तासांनी कंट्रोल रूमचा फोन वाजला. तोच होता, किनाऱ्यावरून. सर्व्हायव्हल सूट अजून अंगात, विमानतळाकडे जाणारी गाडी बाहेर उभी. म्हणाला, "कंप्रेसरच्या ल्यूब ऑइलचा स्टँडबाय पंप सकाळी टेस्टसाठी मॅन्युअलवर घेतला होता. परत ऑटोवर टाकल्याचं आठवत नाहीये. स्क्रीनवर बघू नकोस, जाऊन डोळ्यांनी बघ." मी फील्ड ऑपरेटरला पाठवलं. स्विच मॅन्युअलवरच होता. त्या रात्री मुख्य पंप बंद पडला असता तर दुसरा आपोआप सुरू झाला नसता, कंप्रेसर ट्रिप झाला असता, म्हणजे आपोआप बंद पडला असता, सगळा गॅस फ्लेअरला, म्हणजे जाळून टाकायला, गेला असता. कदाचित त्याहून वाईट काही झालंही नसतं. पण तो माणूस गाडी थांबवून फोनपाशी उभा राहिला. मी त्याला म्हटलं, स्विच ऑटोवर आहे आता, जा तू. तो म्हणाला, "लॉगमध्ये लिही. माझ्याकडून राहिलं असं माझ्या नावानं लिही." मी तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने ती नोंद सकाळच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवली आणि टेस्ट झाल्यावर स्विच तपासायची एक ओळ चेकलिस्टमध्ये वाढवली. त्याला कुणी बोल लावला नाही. तुम्ही जाल तिथे अशी नोंद केल्यावर काय होतं, हे पहिल्याच महिन्यात नीट बघा. माणसं चूक लपवायला लागली की तो प्लॅटफॉर्म सुरक्षित राहत नाही, मग भिंतीवर कितीही पोस्टर असोत.

दिवस साधारण असा जातो. पाळी सहाला बदलत असेल तर साडेपाचला तुम्ही कंट्रोल रूममध्ये. कुठला पंप चालू, कुठला स्टँडबायला, कोणती परमिट उघडी, कोणता गॅस डिटेक्टर बायपासवर (तात्पुरता बंद ठेवलेला), कशावर 'हात लावू नका'चा टॅग आहे. मग टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी धोक्यांबद्दलची छोटी चर्चा. मग राउंड: गेज वाचणं, सॅम्पल घेणं, कान देऊन ऐकणं. मुरलेला ऑपरेटर पंपाचा बदललेला आवाज अलार्मच्या आधी ओळखतो. नाकावर मात्र कधी विसंबायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की वास घ्यायची ताकदच बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि तोच क्षण घातक असतो. छातीवरचा डिटेक्टर वाजला की आधी बाहेर, वाऱ्याच्या उलट्या दिशेला, विचार नंतर.

कुठलंही काम थांबवायचा अधिकार प्रत्येकाला असतो, अगदी पहिल्या दिवशी आलेल्या सफाई कामगारालाही. कागदावर हे सगळीकडे आहे. वापरायला धीर लागतो, आणि कंत्राटी माणसाला जास्त लागतो, कारण पुढच्या फेरीला आपलं नाव यादीत नसेल ही धास्ती त्याच्या मनात असते. कायम नोकरीतल्यांनी अशा वेळी त्याच्या बाजूला उभं राहायचं असतं. मी हे दर वेळी केलं नाही, आणि ते मला अजून सलतं.

भाषेचं एक सांगतो. कंट्रोल रूममध्ये एका वेळी सहा-सात देशांची माणसं असतात. सगळे इंग्रजी बोलतात, पण प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. रेडिओवर नुसतं "यस" आलं तर ते उत्तर धरू नका. समोरच्याकडून सूचना जशीच्या तशी परत म्हणवून घ्या: कोणता व्हॉल्व्ह, कोणता नंबर, उघडायचा की बंद. सुरुवातीला संकोच वाटतो, समोरच्याचा अपमान होतोय असंही वाटतं. तसं काही नसतं, सगळे करतात.

रात्रपाळी अंगावर येते. पहिल्या तीन रात्री पहाटे तीन ते पाच फार जड जातात. केबिन बहुतेक दोघांत असते, दुसरा उलट्या पाळीचा, म्हणजे झोपताना खोलीत तुम्ही एकटे. कानात बोळे घालूनही प्लांटची घरघर पलंगातून जाणवते. घरी आल्यावर पहिल्या रात्री मला शांततेनेच जाग यायची.

किनाऱ्यावरच्या ऑफिसांत वेगळी माणसं असतात, भूगर्भशास्त्रज्ञ, ड्रिलिंग इंजिनिअर, तेलाचे व्यवहार करणारे. त्यांचं आयुष्य मी लांबूनच पाहिलंय, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी: तेलाचा भाव. २०१४ च्या मध्यात ब्रेंट (उत्तर समुद्रातलं कच्चं तेल, ज्यावरून जगभर भाव ठरतो) पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. या दोन्ही वेळी माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आधी कंत्राटी, मग कायम. काम चांगलं करणारेही गेले. म्हणून पहिल्या दिवसापासून निम्म्या पगारात घर चालवा. दुसरं म्हणजे ऊर्जा कंपन्या स्वतःच बदलताहेत. नावातलं तेल काढून डेन्मार्कच्या डोंग एनर्जीची २०१७ मध्ये ऑर्स्टेड झाली, नॉर्वेच्या स्टॅटऑइलची २०१८ मध्ये इक्विनॉर. माझ्याबरोबरचे तिघे आज समुद्रातल्या पवनचक्क्यांवर आहेत. परमिट, आयसोलेशन (दुरुस्तीआधी यंत्र वीज-दाबापासून तोडून ठेवणं), उंचीवरचं काम, हे सगळं तिथे जसंच्या तसं लागतं.

आता घर. तुमच्या प्रश्नाचा हाच भाग मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दोन वर्षांत मी घरी आलो की सगळी सूत्रं हातात घ्यायचो. मुलीच्या अभ्यासाची वेळ बदल, बँकेची कामं माझ्या पद्धतीने कर, हे असं का, ते तसं का. मला वाटायचं मी भार हलका करतोय. एकदा बायकोने शांतपणे विचारलं, "तिकडे हँडओव्हर न घेता तू एक तरी व्हॉल्व्ह उघडशील का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. २८ दिवस तिने एकटीने प्लांट चालवला होता आणि मी येऊन न विचारता स्विच फिरवत होतो.

तेव्हापासून आमचं ठरलं. आल्यावर पहिल्या संध्याकाळी ती तासभर सांगते आणि मी ऐकतो: मुलगी कशावरून रुसली आहे, कोण आजारी होतं, कशाचा हप्ता भरायचा राहिलाय, काय ठरलंय. तीन दिवस मी काहीच बदलत नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला माझं सांगतो. वाढदिवस चुकतात, ते भरून येत नाहीत. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा मी समुद्रात होतो आणि वाऱ्यामुळे दोन दिवस हेलिकॉप्टर उडालं नाही. मी पोहोचलो तेव्हा ते बोलू शकत होते, हे माझं नशीब.

ऑफर स्वीकारण्याआधी काही गोष्टी लेखी मागा. प्रवासाचे दिवस कामाच्या दिवसांत धरतात की सुट्टीच्या? सुट्टीच्या महिन्यात पगार चालू राहतो का? रिलीफ, म्हणजे तुमच्या जागी येणारा माणूस, आला नाही तर जास्तीत जास्त किती दिवस थांबवतील, आणि त्याचे पैसे कसे? २०२० मध्ये माझे २८ दिवस ६३ झाले आणि करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती. शिवाय तुमचा बॅक-टू-बॅक कोण असेल ते विचारा आणि सही करण्याआधी त्याच्याशी अर्धा तास बोलू द्या म्हणून आग्रह धरा. त्याला विचारा की एका वेळी किती परमिट उघडी असतात, किती डिटेक्टर बायपासवर आहेत आणि ते किती दिवसांपासून, आणि एखादं काम शेवटचं कुणी, कधी थांबवलं होतं. शेवटच्या प्रश्नाला तो अडखळला तर त्या प्लॅटफॉर्मबद्दल मला नक्की कळवा, मग आपण पुढचं बोलू.