पेशी कोणाच्या, हे सुई टोचण्याआधी लेखी घ्या

वडिलांना मधुमेहामुळे किडनीचा आजार, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा; किडनी बिघडली की वाढतो) २.६, आणि एक सेंटर 'इम्यून सेल थेरपीचे डोस घ्या, क्रिएटिनिन उतरेल' म्हणतंय, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. मी याच वाटेने गेलोय. डॉक्टर नाही, पेशंट आहे. निर्णय नेफ्रॉलॉजिस्टला विचारूनच घ्या. मीठ, बीपी, पेनकिलर यांवर लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच.

मला दिलेल्या पेशी दात्याच्या होत्या. डिस्चार्जच्या कागदावर फक्त 'सेल इन्फ्युजन' आणि तारीख. बॅच नंबर नाही, दात्याचं एचएलए टायपिंग (शरीर आपलं-परकं ज्यावरून ओळखतं त्या पेशींवरच्या खुणांची तपासणी) नाही. पुढे ट्रान्सप्लांटची वेळ आली. भाऊ किडनी द्यायला तयार, रक्तगट जुळला, आणि क्रॉसमॅच (माझं रक्त त्याच्या पेशींवर हल्ला करतं का, ही तपासणी) पॉझिटिव्ह आला. म्हणजे त्याच्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीज माझ्या रक्तात आधीच होत्या. रक्त चढवणं, गरोदरपण, आधीचं ट्रान्सप्लांट यांतून त्या तयार होतात, तशाच परक्या पेशींमुळेही होऊ शकतात. मला रक्त कधीच चढवलेलं नव्हतं. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी पेशींचा तपशील मागवला. सेंटर आधी म्हणालं 'पाठवतो', मग 'माहिती गोपनीय आहे', नंतर फोन उचलणंच बंद. त्या पेशींमुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ते तपासायला लागणारा कागदच मिळाला नाही. याचा राग अजून जात नाही.

तुम्हाला कदाचित जर्मनीतल्या एर्लांगेनच्या बातम्या दाखवतील. त्या खऱ्या आहेत. तिथले डॉक्टर गेऑर्ग शेट यांच्या टीमने ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) ५ पेशंटना त्यांच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) बदलून परत दिल्या, कार-टी म्हणतात ते. निकाल २०२२ साली छापून आले आणि चांगले होते. पण ल्युपसमध्ये प्रतिकारशक्तीच किडनीवर उलटते, म्हणून बिघडलेल्या बी-पेशी (अँटिबॉडीज बनवणाऱ्या पेशी) काढून टाकल्या की फरक पडतो. मधुमेहात किडनीच्या गाळण्या वर्षानुवर्षं खराब होत जातात आणि तिथे व्रण धरतो. तो व्रण पुसून टाकणारी पेशींची कुठलीही मान्यताप्राप्त थेरपी आज नाही. शिवाय कार-टीआधी केमो द्यावी लागते. सलाइन लावून संध्याकाळी घरी पाठवण्यासारखी ती गोष्ट नव्हे.

'आमची ट्रायल रजिस्टर्ड आहे' म्हणाले तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र मागा. रजिस्टर होणं म्हणजे मान्यता नव्हे. आणि ट्रायलच्या नावाखाली डोसचे पैसे मागत असतील तर माझ्या मते तिथूनच उठावं. क्रिएटिनिन उतरल्याचे रिपोर्ट दाखवतील, पण स्नायू झिजले तरी क्रिएटिनिन उतरतं. सोबत सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्ततपासणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन) नसेल तर त्या आकड्यावर जाऊ नका.

त्यापेक्षा याच आठवड्यात डॉक्टरांना डापाग्लिफ्लोझिन आणि फिनेरेनोन या किडनी जपणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारा. दोन्हींच्या मोठ्या ट्रायलचे निकाल २०२० मध्ये आले, आणि किडनी ढासळण्याचा वेग त्यांनी खरोखर कमी होतो. पण ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज सांगणारा आकडा) फार खाली गेला की ही औषधं सुरू करता येत नाहीत. सेंटरच्या डोसांमध्ये महिने गेले तर ही संधीही जाईल, मला जास्त काळजी त्याची वाटते.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे. वडील उजव्या हाताने काम करत असतील तर डाव्या हाताच्या शिरा जपा. पुढे डायलिसिससाठी फिस्च्युला (हातातली शीर धमनीला जोडण्याचं ऑपरेशन) करावा लागला तर त्याच लागतात. सलाइन लावायचीच झाली तर तळहाताच्या मागच्या बाजूला लावायला सांगा.

वडिलांचा ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बायोप्सी झाली आहे का, एवढं कळवा. आजार मधुमेहाचाच आहे हे कशावरून ठरवलं, तेही विचारून घ्या.