लिनक्सच्या रेस्क्यू फ्लॉपीवरून विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) लहान करता येतं का? डेटा उडतो का?

करता येतं. आणि डेटा आपोआप उडत नाही, माणसं उडवतात. हेच मी आमच्या दादाला इतकी वर्षं सांगतोय.

त्याचं विंडोज एक्सपीचं मशीन, २० जीबीची डिस्क, अख्खी एकच सी ड्राइव्ह आणि तिची फाइलसिस्टीम (फाइल्स मांडून ठेवायची पद्धत) पण एनटीएफएस. जुनी फॅट फाइलसिस्टीम असती तर लिनक्सच्या पार्टेड या टूलने भागलं असतं, पण ते एनटीएफएसला हात लावत नसे, म्हणून एनटीएफएसरिसाइझ (एनटीएफएस लहान-मोठी करायचं टूल) असलेल्या दोन फ्लॉप्या बनवल्या, एक बूट (मशीन चालू करायला) आणि एक रूट (बाकी टूल्स असलेली). रूटवाली अर्ध्यात खर्रखर्र करून रीड एरर द्यायची, १.४४ एमबीपायी चार फ्लॉप्या कचऱ्यात गेल्या तेव्हा कुठे पाचवी चालली. आधी काहीच न बदलणारा नो-अॅक्शन पर्याय लावून नुसती चाचणी घेतली, मग खरोखर १२ जीबीवर आणलं. लोक गंडतात ते इथे, कारण त्याने फक्त आतली फाइलसिस्टीम लहान होते, पार्टिशन होतं तेवढंच राहतं. ते एफडिस्क या पार्टिशनच्या टूलमध्ये डिलीट करून परत बनवायचं, सुरुवात अगदी त्याच सेक्टरला (आमची ६३ ला होती, तेव्हाच्या एफडिस्कमध्ये आधी यू दाबावं लागे नाहीतर सेक्टरऐवजी सिलिंडर दिसत), शेवट फाइलसिस्टीमच्या जरा पुढे, टाइप ७ (म्हणजे एनटीएफएस), आणि विंडोज इथून चालू व्हावं म्हणून बूट फ्लॅग. डिलीट शब्द वाचूनच दादा उभा राहिला, पण पुसली जाते ती पार्टिशन टेबलातली नोंद, आतला डेटा जागच्या जागी असतो.

मग विंडोज चालू केलं तर निळ्या स्क्रीनवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी. अहो ते होणारच, एनटीएफएसरिसाइझ स्वतःच पुढच्या बूटला ते लावून ठेवतं! मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात "बिघडवलंस ना शेवटी" म्हणत दादाने मेन स्विचच बंद केला. चेक अर्ध्यावर. दोन फोल्डर गेले, आणि अजूनही घरी कोणी आलं की "याने माझी डिस्क उडवली" हे ऐकवलं जातं.

बाकी व्हिस्टापासून पुढचं विंडोज असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्येच श्रिंक आहे, फ्लॉपीच्या नादी लागू नका. जुनंच असेल तर आधी विंडोजमधून चेकडिस्क करून नीट शटडाउन करा. आणि हो, बॅकअप घ्या. मी घेतला नव्हता, तेवढा मुद्दा दादाचा बरोबर आहे, पण स्विच त्याने बंद केला.